दुर्मीळ अपघाती मृत्यू मोजतात कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीज पडून किती जण जातात, साप चावून किती, विंचवाने किती, घास अडकून किती, आणि अमुक देशात तमुकपेक्षा जास्त का, असे प्रश्न वाचक सतत विचारतात. खालच्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल. मृत्यूचं कारण कुणीतरी, कुठल्यातरी कागदावर लिहितं आणि त्या कागदांची बेरीज म्हणजे देशाचा आकडा. म्हणून आकडा वाचण्याआधी तो कागद कोण भरतं ते बघायला हवं.

न्यायवैद्यक साथरोगशास्त्र म्हणजे काय? साथ तर कुठेच नसते.

साथरोगशास्त्र हे आता फक्त साथींचं शास्त्र राहिलेलं नाही. लोकसंख्येत कुठलाही आजार, इजा किंवा मृत्यू कुणाला, कुठे, केव्हा आणि का होतो याचा तो अभ्यास आहे. न्यायवैद्यक डॉक्टरासमोर एक देह असतो आणि प्रश्न असतो, ‘हा माणूस कशाने गेला?’ साथरोगतज्ज्ञासमोर हजारो नोंदी असतात आणि प्रश्न असतो, ‘असे मृत्यू किती वेळा होतात आणि कोणाला होतात?’ या दोन प्रश्नांना एकमेकांची गरज पडते तिथे हे क्षेत्र सुरू होतं. न्यायालयात, विम्याच्या दाव्यात, सरकारी मदतीच्या फायलीत ही गरज रोज पडते.

कुठल्या मृत्यूला ‘दुर्मीळ’ म्हणायचं?

ठरावीक रेषा नाही. वर्षाला दर दहा लाखांमागे एक-दोन किंवा त्याहून कमी मृत्यू असतील तर साधारणपणे दुर्मीळ म्हणतात. पण भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या पुढे आहे. दहा लाखांत एक म्हणजे आपल्याकडे वर्षाला १,४०० माणसं. इतक्या घरांतून माणूस गेल्यावर त्या कारणाला ‘क्वचित घडणारं’ म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

मृत्यू अपघाती होता हे ठरवतं कोण?

देशोदेशी वेगवेगळे लोक ठरवतात, आणि आंतरराष्ट्रीय तुलनेतला निम्मा घोळ तिथेच होतो.

आपल्याकडे अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यूची खबर पोलिसांकडे जाते. गावात हे काम बहुधा पोलीस पाटील करतात. ठाण्यात अकस्मात मृत्यूची, म्हणजे ‘ए.डी.’ची नोंद होते, पंचनामा होतो आणि देह शवविच्छेदनाला जातो. पूर्वी ही चौकशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. मुंबईत इंग्रजांच्या काळापासून कोरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी होता, ते पद १९९९ मध्ये बंद झालं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये कोरोनर स्वतंत्र चौकशी करतो. ती लांबली की मृत्यूची नोंदणीही लांबते, आणि तिथली अधिकृत वार्षिक आकडेवारी बहुतेक नोंदणीच्या वर्षानुसार छापली जाते. म्हणजे डिसेंबरातला अपघात पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वर्षाच्या तक्त्यात दिसू शकतो. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये कोरोनरच नाही, तिथे प्रोक्युरेटर फिस्कल हे काम पाहतो. अमेरिकेत काही ठिकाणी न्यायवैद्यक शिक्षण घेतलेला मेडिकल एक्झामिनर असतो, तर काही काउंट्यांमध्ये निवडून आलेला कोरोनर, ज्याला डॉक्टर असण्याची अट नसते.

कायद्याचा एक शब्द बदलला तरी आकडा हलतो. इंग्लंडमध्ये आत्महत्येचा निष्कर्ष काढायला पूर्वी फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागायचा. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ‘शक्यतेचं पारडं जिकडे झुकेल तिकडे’ हा सौम्य निकष पुरेसा ठरवला. त्यामुळे पूर्वी अपघात किंवा ‘अनिर्णित’ म्हणून लिहिले गेले असते असे काही मृत्यू आता आत्महत्येच्या रकान्यात जातात. त्यानंतरच्या वर्षांत तिथले एखाद्या प्रकारचे अपघात कमी दिसले तर आधी हे तपासावं.

प्रमाणपत्रावर ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने मृत्यू’ लिहिलं होतं. हे कारण नव्हे का?

नाही. प्रत्येक मृत्यूत शेवटी हृदय आणि श्वास थांबतात. ते मरण्याचं वर्णन झालं.

मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र (रुग्णालयात नमुना ४, घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ) खालून वर वाचायचं असतं. पहिल्या ओळीत अखेरची घटना, तिच्याखाली तिला जबाबदार असलेली स्थिती, आणि सगळ्यांत खाली ज्याने साखळी सुरू झाली ते मूळ कारण. समजा मण्यार चावून माणूस गेला. वरच्या ओळीत ‘श्वसनाचे स्नायू लुळे पडणे’ आणि खाली ‘मण्यारीचा दंश, विषबाधा’ असं हवं. देशाच्या आकडेवारीत मोजलं जातं ते हे खालचं कारण. खालची ओळ रिकामी सोडली की सर्पदंश नाहीसा होतो आणि उरतो एक ‘श्वसनाचा’ मृत्यू.

भारतात २०२० मध्ये नोंद झालेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालं होतं.

सगळ्या देशांत एकच सांकेतिक क्रमांक वापरतात ना? मग अडचण कुठे आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत वीज पडण्याला एक्स-३३, विषारी सापाला एक्स-२०, विंचवाला एक्स-२२ असे क्रमांक आहेत. रकाने सारखेच आहेत, पण त्यांत काय पडतं ते सारखं नाही. ‘अनिश्चित हेतू’, ‘अज्ञात कारण’, ‘तपशील नसलेला अपघात’ अशा क्रमांकांत एखाद्या देशाच्या किती नोंदी जातात ते मी आधी बघतो. हे गोळाबेरीज रकाने जिथे फुगलेले असतात, तिथले दुर्मीळ अपघात नेहमी कमी दिसतात, कारण ते त्या गठ्ठ्यात दबलेले असतात.

सर्पदंशाचे आकडे वर्षाला हजार-दीड हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत का बदलतात? खरा कोणता?

या क्षेत्राबद्दल मला एकच उदाहरण द्यायचं झालं तर मी हे देईन.

रुग्णालयांच्या अहवालांवर आधारलेले सरकारी आकडे २००८ च्या सुमारास वर्षाला दीड हजार मृत्यूंच्याही आत होते. २०११ मध्ये ‘मिलियन डेथ स्टडी’च्या आधारे २००५ सालचा अंदाज प्रसिद्ध झाला: सुमारे ४६,०००. पुढे २०२० मध्ये आलेल्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत मिळून सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा अंदाज दिला.

इतका फरक पडला तो मोजणारे वेगळ्या दारात गेले म्हणून. ‘मिलियन डेथ स्टडी’ने आधार घेतलेल्या, भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीत देशभरातली निवडक घरं असतात. त्या घरांत मृत्यू झाला की प्रशिक्षित कर्मचारी जाऊन नातेवाइकांना विचारतात: कधी, कुठे, आधी काय झालं, काय दिसलं. याला मौखिक शवचिकित्सा म्हणतात. ते कथन दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता वाचतात आणि कारण ठरवतात. मतभेद मिटला नाही तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निर्णय देतो. २००५ च्या अंदाजातून दिसलं की सर्पदंशाने गेलेल्यांपैकी जेमतेम चौथाई माणसं आरोग्यकेंद्रात वा रुग्णालयात मरण पावली. बाकीची घरी, शेतात किंवा वाटेत. रुग्णालयाच्या रजिस्टरात ती सापडणार कशी?

साथीच्या अभ्यासात शोभेल असा नकाशा यातून मिळाला. जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. सुमारे ७० टक्के मृत्यू बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, ओडिशा, राजस्थान, गुजरात आणि तेलंगणासह आंध्र या पट्ट्यातले. बहुतेक खेड्यांतले. ज्या मृत्यूला आपण दैवाचा घाला म्हणत होतो, त्याला ऋतू होता, प्रदेश होता आणि पेशा होता.

मण्यारीमुळे हे मोजणं आणखी अवघड होतं. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण दिसेल न दिसेल अशी, सूज जवळजवळ नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि श्वास थांबतो. घरच्यांनी साप पाहिलेलाच नसतो. अशा वेळी शवविच्छेदनापेक्षा ‘रात्री कुठे झोपला होता?’ हा प्रश्न जास्त सांगून जातो.

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. भारताने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं त्याचं उद्दिष्ट आहे.

भारतात वीज पडून अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त लोक का मरतात? आपल्याकडे विजा जास्त पडतात का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात वीज पडून सुमारे २,९०० लोक गेले. म्हणजे दर दहा लाखांमागे साधारण दोन. अमेरिकेत गेल्या दशकात वर्षाला साधारण वीस-पंचवीस मृत्यू झाले आणि २०२१ मध्ये तर फक्त ११. तुलनेने आपला दर तीसपट किंवा त्याहून जास्त येतो.

पण अमेरिकेचेच १९४० च्या दशकातले आकडे बघा. तेव्हा तिथे वर्षाला तीनशेहून जास्त लोक विजेने मरत आणि लोकसंख्या होती १४ कोटींच्या आसपास. दर काढला तर दहा लाखांमागे दोन, म्हणजे आजच्या भारताइतकाच. त्यानंतर अमेरिकेच्या आकाशात फारसं काही बदललं नाही. शेतात राबणाऱ्या माणसांचं प्रमाण घटलं, वीजतारा आणि नळ असलेली पक्की घरं आली, लोक बंद मोटारींतून फिरू लागले, छाती दाबून श्वास देण्याचं प्रशिक्षण पसरलं. विजेखाली उघड्यावर असलेली माणसं कमी झाली.

म्हणून दोन देशांची तुलना करताना भागाकारात कोण घ्यायचं हे ठरवणं महत्त्वाचं. १४० कोटींनी भागलं तर बंगळुरूतल्या दहाव्या मजल्यावरचा कर्मचारी आणि मराठवाड्यात जूनच्या पहिल्या पावसात पेरणी करणारी बाई एकाच हिशोबात येतात. त्या बाईचा धोका राष्ट्रीय सरासरीत कुठेच दिसत नाही.

न्यायवैद्यक बाजूचा एक तपशील इथेच सांगतो. विजेने गेलेल्याच्या अंगावर कधीकधी फर्नच्या पानासारखी लालसर नक्षी उमटते, पण ती काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत विरून जाते. फाटलेले कानाचे पडदे, जळालेले केस, अंगावरच्या धातूच्या वस्तू वितळल्याच्या खुणा टिकतात. पंचनाम्याला उशीर झाला आणि ही नक्षी कुणी लिहून ठेवली नाही, तर तोच देह पुढे ‘विजेचा धक्का’ म्हणून महावितरणच्या तारांच्या रकान्यात जाऊ शकतो.

एखाद्या छोट्या देशात असा एकही मृत्यू नसेल, तर तो देश सुरक्षित म्हणायचा का?

शून्यावरून इतकं ठरत नाही. एक सोपा नियम आहे: काहीच घडलं नाही, तर खरा दर जास्तीत जास्त ‘तीन भागिले लोकसंख्या’ इतका असू शकतो, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. समजा आइसलँडसारख्या चार लाखांच्या देशात एका वर्षात एकही मृत्यू झाला नाही. तीन भागिले चार लाख म्हणजे दहा लाखांमागे साडेसात. भारताचा विजेचा नोंदलेला दर आहे दोन. म्हणजे त्या एका वर्षाच्या शून्यावरून तिथला धोका भारतापेक्षा कमी आहे हेसुद्धा सिद्ध होत नाही. छोट्या देशांसाठी अनेक वर्षं एकत्र घ्यावी लागतात.

आमच्या तालुक्यात दरवर्षी एखादा मृत्यू होतो, यंदा एकदम चार झाले. काहीतरी गडबड आहे का?

असू शकते. पण नुसत्या योगायोगाने काय होतं ते आधी बघू.

लाडिस्लाउस बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून मेलेल्या सैनिकांची मोजणी मांडली. दहा सैन्यदळांची वीस वर्षं, म्हणजे दोनशे दळ-वर्षं, आणि एकूण मृत्यू १२२. त्यांपैकी १०९ वेळा वर्षात एकही मृत्यू नव्हता, ६५ वेळा एक, २२ वेळा दोन, तीन वेळा तीन आणि एकदा चक्क चार. चार मृत्यू झालेल्या त्या दळाच्या सेनापतीला घोडे बिथरल्याचा किंवा कुणाच्या तरी हलगर्जीचा संशय आला असता. पण प्वासाँच्या सूत्राने, निव्वळ योगायोग धरून हिशोब केला तर अपेक्षित आकडे येतात अनुक्रमे १०९, ६६, २०, ४ आणि ०.६. प्रत्यक्षाशी जवळजवळ तंतोतंत.

तेव्हा चार मृत्यू झाल्यावर दोन गोष्टी करा. शेजारच्या सगळ्या तालुक्यांचे अनेक वर्षांचे आकडे समोर ठेवा, आणि त्या चार घरांत जाऊन काय घडलं ते विचारा. चारही जण एकाच विहिरीत बुडाले असतील तर सूत्राची वाट बघायची गरज नाही, विहिरीला कठडा बांधा.

‘जगात दरवर्षी १५० लोक नारळ डोक्यात पडून मरतात’ हे खरं आहे का?

या आकड्याला आधार नाही. डॉ. पीटर बार्स यांनी पापुआ न्यू गिनीतल्या एका रुग्णालयात आलेल्या जखमींचा अभ्यास करून १९८४ मध्ये नारळ पडून होणाऱ्या इजांवर लेख लिहिला. त्यात मूठभर रुग्ण होते, जगाचा आकडा नव्हता. नारळाने डोकं फुटतं आणि माणूस दगावू शकतो, हे कोकणात आणि गोव्यात कुणाला सांगायला नको. पण १५० ही संख्या कुणी मोजलेली नाही.

जपानमध्ये म्हातारी माणसं आंघोळ करताना बुडून मरतात, असं वाचलं. हे खरं कसं?

खरं आहे. तिथे गळ्यापर्यंत पाणी येईल असा खोल टब असतो, पाणी ४०-४२ अंशांचं आणि हिवाळ्यात घर गार. थंड खोलीतून गरम पाण्यात गेल्यावर रक्तदाब आधी चढतो, मग उतरतो. वृद्ध माणसाला भोवळ येते आणि तोंड पाण्याखाली जातं. रस्त्यावरच्या अपघातांत मरणाऱ्या वृद्धांपेक्षा असे मृत्यू जास्त आहेत.

पण हाच मृत्यू एखादा डॉक्टर ‘बुडून’ लिहितो आणि दुसरा ‘हृदयविकार’. जपानमध्ये शवविच्छेदनाचं प्रमाण कमी आहे, त्यामुळे बऱ्याचदा देहाच्या बाह्य तपासणीवरच निर्णय होतो. म्हणून केवळ ‘बुडून मृत्यू’च्या रकान्यावरून जपानची इतरांशी तुलना केली तर टबातले कितीतरी मृत्यू निसटतात.

एखादा मृत्यू अतिशय दुर्मीळ प्रकारचा असेल, तर तो घातपात समजावा का?

या प्रश्नाचं चुकीचं उत्तर दिल्याने निरपराध माणसं तुरुंगात गेली आहेत.

इंग्लंडमध्ये १९९९ मध्ये एका आईवर दोन तान्ह्या बाळांच्या खुनाचा खटला चालला. बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्ष दिली की, अशा कुटुंबात बाळ झोपेत अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन बाळं जाण्याची शक्यता त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. आईला जन्मठेप झाली. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीर हरकत घेतली. एकाच घरातली दोन बाळं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. आनुवंशिकता, घर, हवा, सगळं सामाईक असतं, त्यामुळे गुणाकारच चूक. आणि त्याहून मोठी चूक अशी की, एका आईने आपल्या दोन बाळांना मारणं हेही अतिशय दुर्मीळ आहे. दोन दुर्मीळ शक्यतांची एकमेकींशी तुलना करायला हवी होती. जानेवारी २००३ मध्ये दुसऱ्या अपिलात ती सुटली.

आता केरळ. २०२० मध्ये कोल्लम जिल्ह्यातल्या एका तरुणीला मार्चमध्ये घोणस चावली. त्या उपचारांतून ती बरी होत असताना मे महिन्यात माहेरी झोपेत नाग चावला आणि ती गेली. दोन महिन्यांत दोन जातींच्या सापांचे दंश ही दुर्मीळ गोष्ट होती आणि तिच्या माहेरच्यांना संशय आला. पण न्यायालयासमोर नुसती ती दुर्मिळता ठेवली गेली नाही. नवऱ्याने साप कुणाकडून मिळवले याचा माग काढला गेला, नागाचं शवविच्छेदन झालं, पुतळ्यावर जिवंत नागाचे दंश घेऊन मोजमाप केलं गेलं. सहज चावलेल्या नागाच्या दोन दातांच्या खुणांत पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास अंतर येतं. त्याचं डोकं दाबून धरलं की ते वाढतं. तरुणीच्या हातावर ते सव्वादोन सेंटीमीटरहून अधिक होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये नवऱ्याला दुहेरी जन्मठेप झाली.

दुर्मिळतेमुळे तपास सुरू व्हावा. तपासाचं काम तिच्यावर सोपवू नये.

नुकसानभरपाई मिळते म्हणून असे मृत्यू जास्त नोंदले जातात का?

हो, आणि बहुतेक वेळा ही वाढ म्हणजे आधी न दिसणाऱ्या मृत्यूंना मिळालेली जागा असते. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश, विंचूदंश, वीज, बुडणं अशा कारणांनी शेतकरी गेला तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी पंचनामा, शवविच्छेदन अहवाल अशी कागदपत्रं लागतात. मदत आहे म्हटल्यावर लोक पोलिसांना कळवतात. खोटे दावेही येतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण एखाद्या राज्यात योजनेनंतर मृत्यू दुप्पट झाले तर ‘साप वाढले’ हा निष्कर्ष सगळ्यांत शेवटी काढावा.

इतकं मोजून मिळतं काय?

महाडचं उदाहरण पुरेसं आहे. कोकणात लाल विंचू डसून लहान मुलं आणि धडधाकट माणसं जात होती. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगडच्या ग्रामीण भागात एकेक रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, फुप्फुसात साचणारं पाणी यांच्या नोंदी ठेवल्या. ‘लॅन्सेट’मध्ये १९८२ पासून त्या छापून येऊ लागल्या. प्राझोसिन हे रक्तदाबावरचं स्वस्त औषध त्यांनी वापरलं आणि गंभीर दंशातलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं. राजधानीतल्या कुठल्याही तक्त्यात ठळक न दिसणारा हा मृत्यू एका तालुक्यात नीट लिहिला गेला, म्हणून त्यावर उपाय सापडला.

आमच्या घरात असा मृत्यू झाला तर आम्ही काय करावं?

दुःखात हे सुचत नाही, म्हणून आधीच वाचून ठेवा. पोलीस पाटलांना किंवा ठाण्यात लगेच कळवा आणि ए.डी. नोंदीचा क्रमांक घ्या. पंचनाम्यात जागा, वेळ, मृत व्यक्ती काय करत होती, कुठे झोपली होती आणि शेवटच्या तासांत कोणती लक्षणं दिसली हे लिहिलं आहे ना ते वाचून मगच सही करा. शवविच्छेदन टाळू नका. साप मारून आणण्याच्या मागे लागू नका, दुसरा माणूस चावला जातो. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अंतर्गत अवयवांचे नमुने) राखून ठेवला असेल तर अंतिम मत रासायनिक विश्लेषणाचा अहवाल आल्यावर मिळतं, त्याचा पाठपुरावा करावा लागतो. मृत्यूची नोंदणी २१ दिवसांच्या आत करा. प्रमाणपत्रावर नुसतं ‘हृदयक्रिया बंद’ लिहिलेलं दिसलं तर डॉक्टरांना विचारा, ‘डॉक्टरसाहेब, ती कशाने बंद पडली तेही खाली लिहाल का?’ हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.